उत्तरासाठी सोडलेली वीतभर जागा

सर,

आज सकाळी चौकातला फळा कुणीतरी पुसलेला सापडला. सोमवारी मी त्यावर एक बुवा काढला होता, भक्तांना मोहमाया सोडायला सांगणारा आणि स्वतः मोबाईलमधून डोकं वर न काढणारा. पुसणाऱ्याने घाई केली, बुवाची दाढी तेवढी राहिली. तेव्हापासून मी प्रत्येकाच्या हाताकडे बघते आहे. पानठेलेवाला आज जरा जास्तच गोड बोलला, तेही मला खटकलं.

तुमचा नियम मी अजून पाळते. वर चित्र, खाली आपली सही, आणि त्याखाली वीतभर जागा कोरी, शेजारी डब्यात खडू. ज्याला लागलं त्याने तिथे लिहावं, पण सोमवार ते सोमवार कुणी पुसायचं नाही. लोक तुम्हाला तिथे काय काय लिहून जात, आणि तुम्ही ते वर्गात मजेने वाचून दाखवायचात.

मग ते गणपतीतलं चित्र. डीजेपुढे बसलेला गणपती, दोन्ही कानांत आपल्या दिग्रसच्या कापसाचे बोळे. मी नववीत होते. अर्धा चौक हसतो आहे आणि मंडळाची चार माणसं हसत नाहीत. "देवाची टिंगल कायले करून राह्यला हा मास्तर? संध्याकाळी पाहतो त्याले," हे मी शाळेत येताना ऐकलं. दुपारच्या सुट्टीनंतर फळा कोरा. समोरच्या गॅरेजवाल्या चाचांकडे तुमचा रोजचा चहा. ते सकाळीच म्हणाले होते, "मास्तर, पुसून टाका न. झगडा झाला तं नाव आमचंच येईन." तेवढं तुम्हाला पुरलं. "लपून कायले पुसलं? खाली लिहायचं होतं," एवढं त्यांना बोलून तुम्ही निघालात. तो चहा कायमचा बंद झाला, आणि तुमची चित्रंही.

चाचा आता थकलेत. परवा मला म्हणाले, "बेटा, मास्तर मले चोर समजूनच गेले. म्या हात नव्हता लावला."

"माहीत हाये, चाचा."

"तुले कसं माहीत?"

मी गाडी सुरू केली.

मंडळाची माणसं तुम्हाला मारतील म्हणून मी पुसलं, सर. पण राग मला तुमचाही येतो. त्या दिवशी पाचव्या तासाला तुम्ही माझ्या ओढणीकडे पाहिलं होतं, खडूने माखलेली होती ती. विचारलं काहीच नाहीत. मला अजून शंका आहे की तुम्हाला कळलं होतं, आणि चाचांवर ढकलणं तुम्हालाही माझ्याइतकंच सोपं गेलं. किंवा तुम्ही पाहिलंच नसेल, आणि ही शंका मी माझ्या सोयीसाठी जपली असेल.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र मी टाकणार तरी कुठे? म्हणून आज संध्याकाळी त्या वीतभर जागेत लिहिलं, 'गणपती मी पुसला होता.' खाली सही केली. चाचा समोर खुर्चीवरून बघत होते. चष्म्याशिवाय त्यांना दिसत नाही, हे मला माहीत होतं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, आणि तो डोळ्यांवर चढायच्या आत मी ओढणीने सगळं पुसून टाकलं.