मळ्या मासा आणि बाईंचा हात

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यापेक्षा माझेच केस जास्त पांढरे आहेत. तरी तुम्हाला लिहायचं म्हटल्यावर अक्षर आपोआप वळणदार येतंय. सांगायचं आहे ते त्या काचेच्या पेटीबद्दल. गिरणीतल्या साहेबाने विलायतेला परतताना ती तुमच्या भावाला दिली आणि त्यांनी दोन तांबड्या माशांसकट तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आणून ठेवली. मासे न खाणाऱ्यांची ती आळी, शेजारणी नाकाला पदर लावून जायच्या. खिडकीत सकाळभर ऊन यायचं. फाल्गुनात काचेवर इतकं शेवाळ चढलं की मासे दिसेनासे झाले. घासायला हात घातला की ते भेदरून काचेवर आपटायचे.

एक दिवस वर्गात तुम्ही विचारलंत, "शेवाळ खाऊन राहणारा एखादा गरीब जीव कुणाला माहीत आहे का गं?" मुली हसल्या. आमचं घर आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मासे धरायच्या जाळ्यावर चालायचं, हे मी वर्गात कुणाला कळू दिलं नव्हतं, म्हणून मान खाली घालून बसले. शाळा सुटल्यावर मात्र तुम्हाला गाठलं. तुम्ही मला घरी नेलंत, चुलीजवळ पाटावर बसवून पोहे दिलेत. "बघून आण हं. माझ्या हाताला काही जगत नाही," असं हसत म्हणालात. आधी नवरा आणि मग दीड वर्षाचं मूल गेलं, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

आबा म्हणाले, "गोगलगायी ने की. देवळाच्या तळ्यात लई हायती. काच चाटून लख करत्यात." आता गोगलगायी! मला त्यांची लाज वाटली. बाईंना न्यायचं ते काहीतरी ऐटबाज हवं. मला हवा होता मळ्या, सीना नदीच्या दगडांना तोंडाने चिकटून शेवाळ खरवडणारा बोटाएवढा मासा. "त्यो धावत्या पान्याचा हाय, पोरी. पेटीत दोन दिस न्हाय काढायचा." आबांनी हे दोनदा सांगितलं. मी रुसले, जेवले नाही, तेव्हा त्यांनी तीन मळ्ये धरून दिले.

पेटीत सोडल्यासोडल्या एक मळ्या काचेला चिकटतो आणि तो सरकेल तशी मागे स्वच्छ रेघ उमटत जाते. तुम्ही गुडघे टेकून बघताय, पदर ओला झालाय त्याचं भान नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भर वर्गात सांगितलंत, की हिच्या वडिलांना नदीची विद्या येते. कुणीही हसलं नाही. त्या दिवसाइतकी ताठ मी पुन्हा कधी चालले नसेन.

तिसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत आला नाहीत, म्हणून मी तुमच्या घरी आले. तिन्ही मळ्ये मरून उलटे तरंगत होते, त्यांच्यामुळे पाणी नासून गढूळ झालं होतं आणि तांबडे मासे पाण्यावर तोंडं काढून धापा टाकत होते. संध्याकाळपर्यंत तेही गेले. तुम्ही विचारलंत, "माझं काय चुकलं गं? पाणी गरम होतं का?" तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "माहीत नाही, बाई." तुम्ही पेटी राखेने घासून मला दिलीत. "तू ने. तुझ्या हाताला जगतील."

आणि जगले. तळ्यातले चार मासे माझ्याकडे पाच वर्षं होते. तुम्ही भेटलात की विचारायचात, "आहेत ना गं?" मी "आहेत" म्हटलं की तुम्ही मान हलवायचात, "बघ, हाताचा गुण असतो." पुढे तुम्ही तुळससुद्धा शेजारी देऊन टाकलीत. माझा मुलगा महिन्याचा असताना मी त्याला तुमच्याकडे घेऊन आले, तर तुम्ही हात मागे बांधलेत. "नको, माझ्याकडे नको देऊस." मी त्याला पुन्हा पदराखाली घेतलं आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. त्या वेळचा माझा राग आजही जात नाही, आणि तो तुमच्यावर नाही.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच एवढं लिहायचा धीर झाला. आता राहिलेलं सांगते. माझे मासे जगले ते हाताच्या गुणाने नाही, बाई. तुमची पेटी आणली त्याच संध्याकाळी, घरात पाऊल टाकायच्या आधी, मी तळ्यावर जाऊन आबांनी आधीच सांगितलेल्या ओंजळभर गोगलगायी आणल्या होत्या.