ऑर्केस्ट्राने अर्धा सूर वर यावं

३ मार्च, सोमवार

आजपासून शांत राहायचं. कुठल्याही गोष्टीचा ताण घ्यायचा नाही.

जेवताना पप्पांनी सांगून टाकलं, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत शेवटचा पाईप वाजवीन, मंग पेटीत बंद. कारण विचारलं तर म्हणाले, दम पुरत न्हाई आणि कोणी बोलवत बी न्हाई. आई म्हणाली, बरंच झालं, शेजारच्यांना दुपारची झोप लागंल.

फौजेतून बॅगपाईप शिकून आलेला जालना जिल्ह्यातला हा बहुतेक एकच माणूस. (बहुतेक लिहिलं, कारण सगळा जिल्हा मी तपासलेला नाही.) मला साईड ड्रम त्यांनीच शिकवला. शाळेत नाव घालायच्या आधी, जेवणाच्या ताटावर. पप्पा थांबले तर मी एकटी ड्रम अडकवून कुठे जाऊ?

पण उपाय सापडलेला आहे. पुण्याच्या एका संगीतकार सरांना ऑर्केस्ट्राच्या अल्बममध्ये खरा पाईप आणि खरे ड्रम हवे आहेत. मी व्हिडिओ पाठवला होता, त्यांचं हो आलं. पप्पांनी स्वतःचं वाजवणं कधी नीट ऐकलेलंच नाही. मोबाईलमध्ये पाईप म्हणजे कुकरची शिट्टी. एकदा साठ व्हायोलिनच्या मधोमध स्वतःला ऐकलं की ते कशाला थांबतील? इतकं सरळ आहे.

५ मार्च, बुधवार

पप्पा तयार. म्हणाले, तू म्हणतेस तर एक डाव वाजवू. बेस ड्रमला काकांचा सुमित. त्याला ‘वेळेवर ये’ असं तीन वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

सरांनी ऑर्केस्ट्राचं गाणं पाठवलं. त्यात आमची जागा रिकामी आहे, ती भरायची. सराव उत्तम झाला. गाणं लावून सराव करता आला नाही, कारण पाईप सुरू झाला की मोबाईल ऐकू येत नाही. त्याने काही बिघडत नाही. चाल पाठ आहे.

९ मार्च, रविवार

आमच्या धावड्याहून जालना, सकाळची पहिली गाडी. तिथे मस्तगड भागात, कापडाच्या दुकानावर, कल्याण नावाच्या मुलाचा स्टुडिओ. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गादी. कल्याण बहुतेक लग्नाची गाणी आणि प्रचाराच्या ऑडिओ क्लिपा करतो. मी खाली दुकानात जाऊन आवाजाबद्दल आधीच माफी मागितली. दुकानदार घाबरला.

पहिली अडचण. पप्पा चालल्याशिवाय वाजवत नाहीत. पाईप बँडात चालत वाजवतात, डावा पाय पडला की पहिला ठोका. मीही तशीच शिकले, त्यामुळे मीही चालू लागले. खोली चार पावलांची. चार पावलं, मागे वळ, चार पावलं. कल्याण म्हणाला, अंकल, तुमचा आवाज येऊन राह्यला आन् जाऊन राह्यला, एका जागी उभे राहा ना. पप्पा म्हणाले, उभं राहून वाजवायला मी काय नळ आहे?

तोडगा मी काढला: कदमताल. जागच्या जागी चालायचं. पण मग बुटांचा आवाज रेकॉर्ड झाला. बूट काढा म्हटलं तर पप्पांना ताल सापडेना. शेवटी कल्याणच्या आईकडून गोधडी आणून पायाखाली टाकली. सुमित हसला. मी हसले नाही.

दुसरी अडचण मोठी आहे. पप्पांच्या कानाला हेडफोन लावला आणि त्यांनी तो लगेच काढून टाकला. म्हणाले, यांचा सूर खाली बसलाय. कल्याणने दोन्ही एकत्र वाजवून दाखवलं. पाईप ऑर्केस्ट्राच्या अर्धा सूर वर आहे. थोडा जास्तच. एकत्र ऐकलं की दाढ दुखते.

पाईप असाच असतो. तीन-चार पाईप एकत्र वाजतात, ते सगळे सारखेच वर, त्यामुळे कोणाला कळत नाही. आमच्या घरात तर एकच आहे.

मी शांत आहे.

१० मार्च, सोमवार

इंटरनेटवर वाचलं की बोटांच्या नळीच्या भोकांवर चिकटपट्टी लावली की सूर खाली येतो. इलेक्ट्रिकची काळी पट्टी आणली. पप्पांना विचारूनच लावली. न विचारता लावणं बरोबर नव्हतं. पप्पा बघत राहिले. म्हणाले, जखम झाली का त्याला?

सूर खाली आला. पण प्रत्येक भोकाचा वेगळा. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, मांजर अडकलंय का कुठं?

पट्टी काढली. डिंक राहिला. तो काढायला रॉकेल चालेल का ते विचारायला पप्पांसमोर जायची आज हिंमत नाही.

११ मार्च, मंगळवार

कल्याणचा फोन. त्याने मशीनमध्ये पाईप खाली ओढून पाहिला. मला ऐकवला. म्हशीला सर्दी झाल्यासारखा येतो.

रडले नाही. डोळ्यात रॉकेल गेलं होतं.

१२ मार्च, बुधवार

उत्तर इतकं सोपं होतं की लाज वाटली. पाईप खाली येत नसेल, तर ऑर्केस्ट्राने वर यावं.

व्हायोलिनच्या तारा पिळल्या की वर जातात. पाईप पिळता येत नाही. म्हणजे ज्याला हलता येतं त्याने हलावं. यात गर्व नाही, सोय आहे. सरांना सविस्तर मेसेज लिहिला: आदरणीय सर, आपल्या वादकांनी अर्धा सूर आणि किंचित वर येऊन पुन्हा वाजवल्यास आमची काही हरकत नाही. ‘किंचित’ किती तेही कळवलं. त्रासाबद्दल माफीही मागितली.

१३ मार्च, गुरुवार

सरांचं उत्तर आलं. हात जोडलेलं चिन्ह. बाकी काही नाही.

म्हणजे त्यांनी मान्य केलं. मोठी माणसं थोडक्यात बोलतात.

१६ मार्च, रविवार

पुन्हा मस्तगड. ऑर्केस्ट्रा वर येणारच आहे, मग त्यांचं जुनं ऐकायचं कशाला? कल्याणला म्हटलं, कानात फक्त तालाची टिकटिक दे. त्याने विचारलं, ताई, सरांना पक्कं विचारलं ना? मी चिन्ह दाखवलं. तो म्हणाला, हे तर पाया पडल्यासारखं दिसून राह्यलं.

पप्पांनी वाजवलं. गोधडीवर, बुटांसकट, डोळे मिटून. मध्ये दम तुटला तेव्हा काखेतली पिशवी दाबून सूर धरून ठेवला. मान लाल झाली होती. थांबवावंसं वाटलं, पण रेकॉर्डिंग सुरू होतं, आणि मधे बोलायचं नाही असा नियम मीच केला होता.

झाल्यावर ते भिंतीला टेकून बसले. म्हणाले, हे नीट आलं असंल तर बघू मंग पेटीचं.

बघू म्हणाले! पेटीचं बघू! मी शब्दाला शब्द लिहिलं आहे.

२३ मार्च, रविवार

उत्तर नाही. कल्याणने सरांना रेकॉर्डिंग पाठवून आठवडा झाला. आमच्या चुकांची यादी प्रामाणिकपणे सरांना पाठवली (सुमितचा एक ठोका, माझे दोन, शेवटी खालच्या दुकानाचं शटर). पप्पांची चूक नाही असंही कळवलं.

२९ मार्च, शनिवार

उत्तर नाही. साठ माणसं पुन्हा जमवायला वेळ लागत असणार.

पप्पा रोज विचारतात, आलं का? मी म्हणते, येऊन राह्यलं.

४ एप्रिल, शुक्रवार

सरांनी फोनच केला. आवाज फार मऊ होता. ऑर्केस्ट्रा परदेशात रेकॉर्ड झालेला, ती माणसं कधीच घरी गेली. माझा तो मेसेज त्यांना विनोद वाटला, म्हणून हात जोडले. पाईप बसत नाही. पाईप त्यांनी कॉम्प्युटरमधून घेतला. ड्रम मात्र फार सुंदर आहेत, ते ठेवले. आणि माझी यादी वाचून त्यांना वाईट वाटलं, म्हणून पप्पांचं नाव तसंच ठेवलंय. बॅगपाईप: पुंजाराम.

मी म्हटलं, सर, हे खरं नाही. ते म्हणाले, असू दे गं.

पप्पांना उद्या सांगणार.

५ एप्रिल, शनिवार

पप्पांचं डोकं दुखत होतं. अशा वेळी सांगणं बरोबर नाही.

८ एप्रिल, मंगळवार

पाहुणे होते.

१३ एप्रिल, रविवार

सुमितने घोळ केला. सरांनी गाणं त्यालाही पाठवलं होतं. त्याने विहारातला स्पीकर घरी आणला, शेजारपाजार जमवला आणि लावलं.

पप्पा खुर्चीत. ऑर्केस्ट्रा आला, मग माझे ड्रम, मग पाईप. स्वच्छ, सरळ, कुठे दम तुटत नाही. पप्पा पुढे वाकून ऐकत होते. मी आईच्या मागे उभी. सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पप्पा खुर्चीत मागे टेकले. मग म्हणाले, मला वाटलं न्हाई मी असं वाजवतो. कल्याणनं मशीनमध्ये बराबर साफ केलं. डोळे पुसले. मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग उठले, पाईपचे भोंगे (खांद्यावरच्या लांब नळ्या) सोडवले, एकेक पुसून पेटीत ठेवले. मी म्हटलं, उद्या मिरवणूक आहे. तर म्हणाले, न्हाई वाजवत. याच्याहून चांगलं आता माझ्याच्यानं होत न्हाई. उद्या दम तुटला तर लोक म्हणतील, हा तो न्हाईच. जे झालं ते कशाला बिघडवू?

१४ एप्रिल, सोमवार

मिरवणूक झाली. मी आणि सुमित, नुसते दोन ड्रम. पप्पा माझ्या शेजारून इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात चालत होते. येणारा-जाणारा त्यांना नमस्कार करून गाण्याचं विचारत होता.

चौकात मी ठरवलं की आता खरं सांगायचंच. आणि सांगितलं. सगळं. वाजवता वाजवता, मोठ्याने: ते तुम्ही नाही, कॉम्प्युटर आहे, तुमचंच चांगलं होतं, पेटी उघडा. सुमित तेव्हा बेस ड्रम जोरात बडवत होता आणि मीही हात थांबवला नव्हता.

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, हसले, मान डोलावली आणि म्हणाले, बराबर, असाच ठेव हात.

म्हणजे माझ्या बाजूने मी सांगितलेलं आहे. त्यांना ऐकू आलं नाही, हा वेगळा विषय.