दोन पक्षांचं माहेर

कुडवा,
वैशाख, १९४८

प्रिय शामकला,

तुला आणायला येणारा आपला गडी चैतराम हे पत्र तुझ्या हातात देईल. चांद्याच्या निर्वासित छावणीत तू कशी आहेस, हे विचारायलाही जीभ रेटत नाही गं. निजामाच्या रझाकारांनी तुमचं गाव पेटवलं, जावईबापू गेले, हे कळल्यापासून मामंजी धड जेवले नाहीत. यंदा आंबा भरून आला आहे, पण ते झाडाखाली नुसते बसून राहतात.

घरात मात्र आखाडा झाला आहे. तुझे दोन्ही भाऊ ताटावर भांडून राहिले. मोठे दादा, म्हणजे आमचे हे, काँग्रेसचे. ते म्हणतात, देश आत्ता कुठं उभा राहिला, दिल्लीची बोलणी चालू आहेत, घाईनं फौज घुसवली तर पलीकडं अडकलेली आपलीच माणसं मरतील. बकाराम समाजवादी. तो म्हणतो, माणसं मरून राहिली आणि सरकार कागद लिहून राहिलं. रयतेचा जीव राखता येत नाही तर खुर्ची कायले पाहिजे? खरं सांगू, मला दोघांचंही पटते. पण तुझं नाव निघालं की दोघंही आवाज चढवतात, तेव्हा भाताचा गंज चुलीवरून उचलून आपटावासा वाटते.

रविवारी तू येणार म्हणून दोघांनी गोंदियात आपापली सभा ठेवली आहे. एक बाजारात, एक स्टेशनापुढं. तू गाडीतून उतरलीस की आधी आपल्या मंचावर न्यायचं आणि जे पाहिलं ते चारचौघांत बोलायला लावायचं, असं दोघांनी ठरवलं. एकाला सांगायचं आहे, सरकारनं छावणी उघडली, अन्न दिलं. दुसऱ्याला विचारायचं आहे, आग लागली तेव्हा सरकार कुठं होतं. आणि ऐक, दोघांनीही हार सांगितले आहेत! कुंकू पुसून महिना झाला नाही, त्या बहिणीला फुलांचे हार! अक्कल गहाण ठेवली काय, असं मी तोंडावर विचारलं. म्हणाले, बाईमाणसाला राजकारण कळत नाही.

नसेल कळत. एवढं मात्र कळते, की सरकारनं काय केलं हे विचारणाऱ्या या दोघांतला एकही तुला आणायला निघाला नाही. सभेची तयारी आहे ना! सख्खे भाऊ असून गडीमाणूस पाठवून राहिले. शामकला, हे ठरलं त्या रात्री मी मोरीत जाऊन रडली.

म्हणून हे लिहून राहिली. गोंदियाला उतरू नकोस. त्याआधी हिरडामाली स्टेशन येते, तिथं उतर. चैतरामला सगळं सांगितलं आहे. मामंजी बैलगाडी घेऊन येतील, मीही सोबत राहीन. तिथून सरळ माझ्या माहेरी, चोरखमाऱ्याला जाऊ. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर महिनाभर तोंड उघडू नकोस, कोणी काही विचारणार नाही. इकडं दोघं भाऊ हार घेऊन गाडीच्या डब्याडब्यात डोकावतील आणि घरी येऊन माझ्या नावानं ओरडतील. ओरडू देत. चूल थंड असेल. भात कोणी शिजवायचा, ही जबाबदारी कोणाची, यावर घेऊ देत आणखी एक सभा. तू फक्त खाली उतर, बाई.

तुझीच,
रुख्मावहिनी