मनगटावरची बोटं

आई,

सोमवारी नर्सिंगच्या लायसन्सची परीक्षा आहे. सरावात एक प्रश्न चुकला: पेशंटचे श्वास कसे मोजाल? मी लिहिलं, त्याला सांगून. खरं तर नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच ठेवायची आणि गुपचूप छातीकडे बघायचं. सांगितलं की श्वास बदलतो.

लहानपणी मला धाप लागली की तू माझं मनगट धरून बसायचीस. "सोड ना!" "गप गं, नाडी चुकते."

तू घर सोडलंस तेव्हा बाबा म्हणाले, "नर्सच ती, तिला घरातही पेशंटच दिसायचे." पण श्वास मोजायला मिनिटभर पुरतं. मला झोपेतून जाग यायची तेव्हाही मनगट तुझ्याच हातात असायचं.

हे पत्र पाठवणार नाही. मी तुझी पेशंट होते की लेक, असं विचारलं की उत्तर बदलेल. पास झाले तर तुझ्याच वॉर्डात नोकरी मागेन. इतरांची मनगटं तू किती वेळ धरतेस, ते गुपचूप बघेन.

तुझी
धाकटी