दसऱ्यापासूनची गाठ

अक्का,

जुन्या हुबळीच्या धर्मार्थ दवाखान्यातून आत्ताच आले.

तू म्हणाली होतीस, "मला लाज वाटते गं. छातीतली गाठ तुझीच म्हणून सांग आणि गोळ्या आण." मला त्यात काही वाटलं नाही. गल्लीतल्या बायकांची गुडघेदुखी, चक्कर, सगळं मी माझंच म्हणून सांगते. त्यांचा रोजगार बुडत नाही.

पण आज डॉक्टरीणबाई गोळ्या देईनात. "आधी बघू दे," म्हणून पडद्यामागं नेलं. मी मनात हसत होते. काही सापडणार नाही, बोलणी खाऊन परत यायचं. त्यांचा हात फिरता फिरता थांबला. मग माझाच हात धरून तिथं ठेवला.

अक्का, गाठ होती गं! माझ्यात!

"यावागिंद ऐती?" कधीपासून आहे, विचारलं. मी तू शिकवलेलंच बोलून गेले, "दसऱ्यापासून." माझी कधीपासूनची, मला काय ठाऊक?

सोमवारी मोठ्या दवाखान्यात सुई घालून तपासणार. घरात आणखी कुणाला आहे का, तेही विचारलं. "सोमवारी सांगते," म्हणून मी उठले.

हे पत्र टाकणार नाही. तुला दाजीच वाचून दाखवणार, आणि त्यांना कळू द्यायचं नाही अशी तू शपथ घातलीस. उद्या सकाळी मीच अळणावरला येते. लाज गुंडाळून ठेव आणि माझ्याबरोबर चल.

तुझी गाठ आता मी माझी म्हणून सांगू शकत नाही, अक्का. माझी मला आहे.

तुझी धाकटी,
माया