थोरला अर्थ

मुक्काम सातारा,
पौष वद्य पंचमी, सन १९४४

तीर्थरूप नाथाजीदादांच्या पायांवर धाकट्या लालासाहेबाचं डोकं. इकडे मी खुशाल आहे. तिकडे तुमचा गुडघा, वैनींचा दमा आणि काळ्या बैलाचं शिंग यांची खुशाली कळवावी. हे पत्र नेहमीप्रमाणे आपली अंजनाच तुम्हाला वाचून दाखवत असेल. (अंजना, कंसातला मजकूर तुझ्यापुरता. मनात वाच आणि चेहरा सरळ ठेव.)

तुमचं पत्र पोचलं. अंजनाचं कवठे महांकाळच्या बागाईतदारांशी तुम्ही ठरवलं, माघात लग्न उरकायचं, घरात सगळ्यांची संमती आहे, असं त्यात होतं. (तुझ्याच अक्षरात होतं. दादा सांगत गेले आणि बहीण स्वतःच्या लग्नाचा मजकूर लिहीत गेली. शुद्धलेखनाची एक चूक नाही. फक्त 'सगळ्यांची' या शब्दावर शाई फुटली आहे. ती मी बराच वेळ बघत बसलो.) त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी माझी नोकरी जाता जाता कशी राहिली ते ऐका.

लढाईपायी अडकलेले काही इटालियन लोक सरकारने इथे नजरकैदेत ठेवलेत आणि त्यांचे कागद करणाऱ्या कचेरीत मी कारकून आहे, हे तुम्ही पलूसभर सांगितलंच आहे. (गावात मी एव्हाना सुभेदार झालो असेन.) दोन महिन्यांपूर्वी साहेबाने विचारलं, इंग्रजी नोटिसा इटालियनमध्ये करता येतील का. मला इटालियनचं अक्षर येत नव्हतं. पण वरच्या माणसाला 'येत नाही' म्हणायची आपल्या घराची पद्धत नाही, म्हणून मी 'करतो' म्हणालो. त्याने एक जाडजूड कोश माझ्यापुढे आपटला आणि तो चहाला गेला.

कोश उघडला आणि घाम फुटला. इंग्रजी शब्द एक, आणि त्यापुढे इटालियन अर्थ चार-चार, सहा-सहा, आकडे घालून उभे. यातला घ्यायचा कोणता? तेव्हा तुमची शिकवण कामी आली. आपल्याकडे पाव्हण्याला कोणाशी बोलायचं हे विचारावं लागत नाही. सोप्यात तक्क्याला टेकलेला तो थोरला, बाकीचे दाराआडून ऐकणारे. तुमचं बोलणंच आहे, "थोरला बोलला म्हंजी घर बोललं. बाकीच्यांनी नंदीगत माना हलवायच्या." तेव्हा एक नंबरचा अर्थ तो थोरला आणि खालचे सगळे धाकटे भाऊ, त्यांना कशाला विचारायचं? एका सकाळीत मी अकरा नोटिसा हातावेगळ्या केल्या. साहेब म्हणाला, इतक्या झपाट्याने निकाल लावणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. (त्याची नि दादांची गाठ पडायची आहे.)

पहिली नोटीस हजेरीची. हजेरीला साहेबलोक 'रोल' म्हणतात. कोशात रोलचा थोरला निघाला 'पानीनो', म्हणजे पाव. सकाळी सातला मैदानात पाव, गैरहजर राहील त्याची गय होणार नाही, असा हुकूम लागला. एरवी हाकून आणावे लागणारे लोक साडेसहालाच बशा घेऊन रांगेत. साहेबाने खूष होऊन माझी पाठ थोपटली. पाव काही येत नाही म्हटल्यावर ज्या बशा वाजल्या, त्या अजिंक्यताऱ्यावर ऐकू गेल्या असतील.

दुसरी नोटीस, गवती छपराखाली काड्यापेटी ठेवू नये. काडीला म्हणतात 'मॅच'. थोरला निघाला 'पार्तीता', म्हणजे खेळातला सामना. झालं. बिचारे चार दिवस फुटबॉल मांडीवर घेऊन छपराखाली बसले आणि करमेना म्हणून खुशाल विड्या पेटवत राहिले. तिसरी नोटीस झऱ्याचं पाणी उकळून पिण्याबद्दल. झरा म्हणजे 'स्प्रिंग', आणि त्यातला थोरला 'प्रिमावेरा', वसंत ऋतू. वसंत ऋतू उकळून प्यावा, अशी सरकारी आज्ञा मी शिक्क्यासकट झाडाला ठोकली. वसंत कोणी उकळला नाही. पाणी मात्र तसंच प्याले आणि पाच जण पोट धरून दवाखान्यात गेले. मग साहेबाने कोणाकडून तरी माझ्या नोटिसांचा अर्थ लावून घेतला आणि मला आठवड्याची मुदत देऊन दार दाखवून ठेवलं.

वाचवलं ते ज्युझेप्पे नावाच्या म्हाताऱ्या कैद्याने. हा जहाजावरचा आचारी. दूध घालायला येणाऱ्या रंगुबाईकडून तो आपली भाषा शिकलाय, आणि थेट तिच्याच हेलात बोलतो. माझा कोश चाळून तो म्हणाला, "आवं लालासाब, शबुद येकटा न्हाई ऱ्हात. त्येच्या शेजाऱ्यास्नी इचारा, मंग घरात शिरा." त्याने बोट ठेवून दाखवलं. काडीच्या शेजारी छप्पर होतं, झऱ्याच्या शेजारी पाणी होतं, मी बघितलंच नव्हतं. हवा तो अर्थ कुठे तिसरा, कुठे पाचवा, एकदा तर सगळ्यांत शेवटचा, दाराआड उभा. अकरा नोटिसा पुन्हा केल्या, सहा दिवस लागले, आणि मुदत संपायच्या आत साहेबाने नोकरी राहू दिली. मला दादा, मनापासून लाज वाटली. पाच माणसं माझ्या घाईने आजारी पडली होती.

असो. वैनींना नमस्कार. लग्नाबद्दल तुम्ही म्हणाल ते.

आपला आज्ञेतला,
लालासाहेब

ता. क. 'तुम्ही म्हणाल ते' हे सवयीने हात गेला म्हणून लिहिलं; ते धरू नये. बागाईतदार पंचेचाळिशीचे, दोन बायका वारलेले, तरी माणूस चांगलाच असेल. पावही चांगलाच होता, दादा. पण तिथे हजेरी हवी होती. (आपल्या घरच्या कोशात 'सगळे' या शब्दाला एकच अर्थ आहे, आणि तो आत्ता गुडघा चोळत तुझ्यासमोर बसला आहे.)

आणखी ता. क. सोबत मास्तरणींच्या ट्रेनिंगचा अर्ज आहे. अंजना सातवीला पहिल्या नंबराने पास आहे. (हा एक पहिला नंबर मला मान्य.) अर्जावर सही तुमची लागेल. पण सहीच्या आधी समोर वाचत बसलेल्या पोरीला विचारा, 'तुझं काय म्हणणं आहे?' हा प्रश्न आपल्या घरात कोणी कोणाला विचारल्याचं आठवत नाही, म्हणून शब्द लिहून दिले आहेत.

(अंजना, इथे थांब आणि दादांकडे बघ. विचारलं, तर खरं असेल ते सांग. नाहीच विचारलं, तर हे पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाच, या वेळी कंसांसकट, आणि जरा मोठ्याने. वैनी दाराआड उभ्या असतील.)