ठरलेलं नाही

प्रिय,

यापुढे काय लिहावं, यात दहा मिनिटं गेली. सव्वीस वर्षं 'अगं'वर भागलं, पण कागदावर 'अगं' लिहिलं की पुढे 'माझा चष्मा कुठे ठेवलास' असंच काहीतरी येतं. म्हणून स्वल्पविराम देऊन जागा रिकामी सोडली आहे. तुला हवं ते भर.

फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. नाही विचारणार खरं तर, पण तुझ्या ताई विचारतील. फोनवर मी बोलतो आणि तू 'हं' म्हणतेस. मागच्या रविवारचा फोन साडेअकरा मिनिटं चालला, त्यात तुझे 'हं' नऊ आणि 'बरं' दोन. शेवटी ताईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "भावोजी, झालं का बातमीपत्र? आमची गुडघ्याची बातमी सांगू का आता?" गुडघा बरा आहे, काठी सुटली, जिना चढता येतो, असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या ऑपरेशनसाठी म्हणून तू पंधरा दिवसांकरता गेलीस. आज सातवा आठवडा संपतो आहे. हे फक्त नोंद म्हणून लिहितो.

घरी सगळं ठीक. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त केला, वॉशर मापाचा मिळाला नाही म्हणून घासून बसवला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हरसाहेब रोज सकाळी जिन्यात पेपर घेऊन उभे असतात. परवा त्यांचं म्हणणं होतं की चंद्रावर यान पाठवून काय मिळणार, तिथे पार्किंग फुकट आहे का? मग सरकार पडणार की टिकणार, मग गोलकीपर बदलायला हवा होता की नको. मी त्यांना तिन्ही बाबतीत आकडे दिले. ते म्हणाले, "तुमचं बरोबर असतं हो, पण ऐकून माणूस दमतो." आणि मग, "वहिनी कधी येणार?" मी म्हणालो, ठरलेलं नाही. हे शब्द माझे नव्हते. कोणाचे, ते पुढे येईल.

आता ऑफिसचं. तुला माझं काम माहीत आहे, पण क्रमाने सांगितल्याशिवाय मला सांगता येत नाही. मी नववीत शाळा सोडली. सरासरी, नमुना, चुकांचं प्रमाण हे सगळं जुन्या पुस्तकांतून एकट्याने शिकलो. अकरा वर्षं दारोदार फिरून लोकांची मतं लिहून घेतली आणि आता पंधरा वर्षं इतरांनी भरून आणलेले अर्ज तपासतो. पदवीवाले लोक माझ्याकडे आकडा तपासायला येतात आणि मागे मला 'दशांश' म्हणतात, हे मला ठाऊक आहे आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. नव्या माणसांना मीच शिकवतो. प्रश्न जसा छापला आहे तसाच वाचायचा. उत्तर सुचवायचं नाही. समोरचा गप्प राहिला तर मनात दहापर्यंत मोजायचं, आपण बोलायचं नाही. लोकांना मत असतं, फक्त ते बाहेर यायला वेळ लागतो. हे वाक्य मी दर वर्षी फळ्यावर लिहितो.

या वेळचा सर्व्हे मिश्र होता. राजकारण, शहरातल्या सोयी, अंतराळ, खेळ, शेवटी थोडं घरचं. एकतीस प्रश्न. प्रत्येक सतरावं घर. अर्जावर नाव नसतं, पत्ता नसतो, फक्त क्रमांक. गेल्या गुरुवारी एक गठ्ठा माझ्या टेबलावर आला. आमच्याकडे एक बाई आहेत, पूर्वी शिक्षिका होत्या, त्यांनी भरलेला. त्यांचं अक्षर चांगलं आहे आणि त्या समोरच्या माणसाचे शब्द तसेच्या तसे उतरवतात, म्हणून त्यांचे अर्ज मी जरा सावकाश वाचतो.

त्यातल्या एका अर्जात नववा प्रश्न होता बससेवेचा. समाधानी आहात का? उत्तर: नाही. कारण: "सत्तावीस नंबर बंद करून दुसऱ्या मार्गाला जोडली तेव्हापासून कामावर जाताना चाळीस मिनिटं उभं राहावं लागतं. ज्याने वेळापत्रक केलं त्याला आठवडाभर त्या स्टॉपवर उभं करावं, तेही हातात शिवायच्या कपड्यांची पिशवी देऊन." मला वाटलं, चांगलं उत्तर आहे. आणि हेही वाटलं की उत्तर देणारीची चूक होते आहे, कारण मार्ग जोडल्यानंतरची सरासरी अकरा मिनिटं आहे. तो अहवाल मी वाचला होता. तुला वाचूनही दाखवला होता. तू पिशवीची कड शिवत होतीस.

मी पुढे वाचलं. प्रश्न चौदा, अंतराळ मोहिमांवर सरकारने खर्च करावा का? "करावा. मला आवडतं. फक्त माणसं वर पाठवणार असाल तर ती परत कशी आणणार ते आधी सांगा." त्याखाली शिक्षिकाबाईंनी तिचे आणखी शब्द लिहिले होते: "यान उतरलं त्या दुपारी आमच्या घरी टीव्हीचा आवाज बंद होता. मिस्टर समजावून सांगत होते."

इथे मी ओळखलं.

नियम असा आहे की कर्मचाऱ्याच्या घरचा अर्ज आला तर तो लगेच बाजूला ठेवायचा, पुढे वाचायचा नाही, साहेबांना कळवायचं. हा नियम लिहिण्यात माझाही हात आहे. मी तो अर्ज एकतीसपर्यंत वाचला. सव्वीस वर्षांतली ही माझी पहिली चूक आणि ती मी समजून उमजून केली.

तारीख तू गेलीस त्याच्या दोन दिवस आधीची. दुपारी तीन ते पावणेचार. त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि कर वाढवावेत की नाही यावर बोललो, हे मला आठवतं. तू काही म्हणाली नव्हतीस. मी विचारलंही नव्हतं.

खेळाच्या प्रश्नावर तू लांब पल्ल्याच्या शर्यती सांगितल्या आहेस. मला वाटत होतं तुला फुटबॉल आवडतो, कारण मी लावतो तेव्हा तू बसतेस. "शेवटची येते तिला बघायला आवडतं. ती पूर्ण करते का ते बघायचं असतं, पण तेवढ्यात कॅमेरा जिंकलेलीकडे जातो." मत घरातल्या इतरांप्रमाणेच देता का? "नाही. कधीच नाही." हे वाचून मी चष्मा पुसला. प्रत्येक निवडणुकीत आपण एकत्र गेलो, एकाच रांगेत उभे राहिलो आणि परत येताना मी तुला निकालाचा अंदाज सांगितला. आपल्या घरची दोन मतं मी ठोक धरत होतो. माझे अंदाज अर्ध्या टक्क्याने चुकत, त्यातला माझा वाटा आता कळला.

तिसावा प्रश्न: या विषयांवर तुम्ही घरी कोणाशी बोलता? "कोणाशी नाही."

हा प्रश्न मला कोणी विचारला असता तर मी क्षणाचाही विलंब न लावता लिहिलं असतं: पत्नीशी, रोज. खोटं लिहिलं नसतं. एकाच घरातून अशी दोन उत्तरं आली असती तर मीच लाल पेन्सिलीने खूण केली असती की यातलं एक चुकीचं आहे. मी पाच दिवस विचार केला. चुकीचं कोणतंच नाही.

अर्जाच्या तळाशी बाईंचा शेरा आहे. "उत्तरं विचार करून दिली. चहा केला. प्रश्न संपल्यावर म्हणाल्या, 'एवढेच?'"

शुक्रवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं, पुढे वाचलं हेसुद्धा. ते हसले, म्हणाले, "दशांशराव, तुमच्याच घरात दिव्याखाली अंधार?" मग लेखी ताकीद दिली, ती योग्यच होती. अर्ज बाद झाला. बाद अर्ज ठेवत नाहीत, यंत्रात घालून बारीक करतात आणि ते काम तपासनिसाचं असतं. मी नक्कल काढली नाही. वर लिहिलेलं सगळं आठवणीतून लिहिलं आहे, एखादा शब्द इकडे तिकडे झाला असेल तर तो माझा दोष.

सोमवार, मंगळवार, बुधवार मी कामावर उशिरा गेलो. तुझ्या वेळेला तुझ्या स्टॉपवर उभा राहिलो. कपड्यांची पिशवी नव्हती म्हणून दोन जाडजूड शब्दकोश घेतले. अडतीस मिनिटं, एकेचाळीस, चव्वेचाळीस. तिसऱ्या दिवशी छत्री धरायची नव्हती तरी खांदा भरून आला. तिथे बाकडं नाही. तुझ्या शिवणाच्या दुकानातल्या मालकीणबाई त्याच बससाठी आल्या, मला बघून म्हणाल्या, "अय्या, तुम्ही? त्या सांगायच्या, आमच्या घरी बसवर फार अभ्यास झालाय." वेळापत्रकवाल्यांना मी पत्र लिहिलं आहे. त्यात माझी सरासरी दिली नाही, तुझं वाक्य दिलं आहे, नाव न देता.

आता एकतिसावा प्रश्न. येत्या वर्षात राहण्याचं ठिकाण बदलण्याचा विचार आहे का? रकाने तीन. होय, नाही, ठरलेलं नाही. तुझी खूण तिसऱ्या रकान्यात होती. खोडाखोड नव्हती, पेन एकदाच टेकलेलं होतं. नव्या माणसांना मी या रकान्याबद्दल वेगळं सांगत असतो. लोक घाई करतात, ठरलेलं नाही म्हणजे नाहीच, असं धरून पुढे जातात, किंवा आपल्याला हवं तिकडे ढकलतात. तसं करायचं नाही. ते पूर्ण उत्तर आहे. ज्याला ते बदलून हवं असेल त्याने परत जाऊन नीट विचारावं. एखादा अर्ज बाद झाला तर आमच्याकडे दुसरं घर घेतात. मी तसं घेऊ शकत नाही. म्हणून रविवारी दहाच्या बसने ताईंकडे येतो आहे, जेवायला थांबवू नका, दारात बसलो तरी चालेल. कोरा अर्ज आणत नाही, ते नियमात बसत नाही. प्रश्न मला पाठ आहेत. पहिल्यापासून विचारीन, छापल्यासारखे, मध्ये काही सुचवणार नाही. तू गप्प राहिलीस तर दहापर्यंत मोजीन, आणि मग पुन्हा दहापर्यंत. एकतिसावा शेवटी विचारीन. तेव्हाही उत्तर तेच असेल तर तेच लिहून घेईन आणि पुढच्या रविवारी परत येईन.

तुझाच,
दशांश